‘पाहिजे’चा कर्ता

वृत्तपत्रातील ‘पाहिजेत’ हा स्तंभ वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो अस्थानी म्हणता येणार नाही. हा स्तंभ लिहिणाऱ्याला लेखक म्हणवून घ्यायचे नसते, आणि वाचणारा तो रसास्वादासाठी वाचत नसतो. तथापि ओळीमागे पैसे मोजून जे छापले जाते, त्यात फुकाचा शब्द सहसा राहत नाही. विशेषण ठेवावे की गाळावे याचा विचार आपल्याकडील पुष्कळ कवींपेक्षा जाहिरात देणारा अधिक काटेकोरपणे करतो, कारण त्याची किंमत त्याला रोख द्यावी लागते. अशा लेखनातील विशेषणे तपासणे हे समीक्षेचे काम नसेल, तर ते कोणाचे आहे हे मला ठाऊक नाही.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र वाङ्मयीन जिज्ञासेने वळलो असे सांगितले तर ते खोटे होईल. निवृत्तीनंतर दिल्लीतील सरकारी निवासस्थान सोडताना, बांधाबांधीच्या गडबडीत, जाड पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही हाती आली. ती माझ्या पत्नीची. विवाहापूर्वी ती पुण्यास एका शाळेत शिकवीत असे. १९७९ साली माझी दिल्लीस नेमणूक झाली, तेव्हा तिने ती नोकरी सोडली. पुढे भोपाळ, कलकत्ता, हैदराबाद आणि पुन्हा दिल्ली असा आमचा संसार हिंडला. प्रत्येक नव्या गावी ट्रंका उघडून झाल्या की ती तेथील वृत्तपत्र घेऊन बसे, आणि आपल्याला लागू पडेल वा पडावी अशी जाहिरात कापून खळीने वहीत चिकटवी. अर्ज धाडला की त्याची तारीख, उत्तर आले तर त्याखाली दुसरी तारीख, आणि समासात पेन्सिलीने एखाद्या-दोन शब्दांचा शेरा. अशी अडीचशेच्या आसपास कात्रणे आहेत. बरीचशी इंग्रजी, काही हिंदी, आणि काही टपालाने दोन दिवस उशिरा येणाऱ्या मराठी पत्रांतील. दुसऱ्या तारखा फार थोड्या आहेत. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी वही निघेल. पुढील विवेचनात जे काही ग्राह्य वाटेल त्याचे श्रेय त्या समासातील शेऱ्यांना द्यावे. प्रस्तुत लेखकाकडे संपादकाहून अधिक काम नाही.

प्रथम क्रियापदाचा विचार करू. मराठीत या स्तंभाला ज्याने नाव दिले ते ‘पाहिजे’ हे रूप मोठे मजेचे आहे. ‘पाहणे’ या धातूचे ते जुने कर्मणि रूप. ‘म्हणिजे’, ‘बोलिजे’, ‘कीजे’ यांच्या पंक्तीतले. ‘पाहिले जाते’, ‘शोधले जाते’ या मूळ अर्थापासून ‘हवे आहे’ या आजच्या अर्थापर्यंत ते येऊन पोहोचले. नित्याच्या बोलण्यात आपण ‘मला पाहिजे’, ‘त्यांना पाहिजे’ असे म्हणतो. कोणाला हवे ते सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. स्तंभात मात्र हे ‘कोणाला’ गळून पडते. ‘टंकलेखिका पाहिजे.’ कोणाला? नाव नाही, पत्ता नाही. फार तर एक पेटी क्रमांक. पाहणारा पडद्याआड आणि पाहिली जाणारी उजेडात, अशी ही वाक्यरचना आहे. त्याच पानावर शेजारच्या स्तंभात हेच क्रियापद दुसऱ्या कामावर असते; तेथे वधू पाहिजे असते. मुलगी ‘पाहण्याचा’ आपल्याकडील कार्यक्रम वाचकांच्या परिचयाचा आहेच. वहीत एके ठिकाणी समोरासमोरच्या पानांवर दोन कात्रणे आहेत. एकात एका कचेरीला स्वागतिका पाहिजे, दुसऱ्यात एका सुस्थितीतील कुटुंबाला सून. दोन्हींना ती उंच, गौरवर्णी, मनमिळाऊ आणि सफाईदार इंग्रजी बोलणारी हवी आहे. दोन्हींनी अलीकडचे छायाचित्र मागविले आहे. समासातील शेरा असा: ‘पगार कोणत्या पानावर?’

जुन्या कात्रणांत बंदी उघड आहे. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे सरळ छापलेले असे. या तऱ्हेच्या वाक्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा १९७४ सालची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी तेथील सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. तरुण अभियंते हवे होते आणि तळाशी स्त्रियांनी अर्ज करू नये अशी तळटीप होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला बोलावणे आले, आणि त्या कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहिली असल्यामुळे आज शाळकरी मुलांनाही ती ठाऊक आहे. सहसा ती एका तेजस्वी मुलीच्या धैर्याची आणि एका उदार उद्योगपतीच्या मोठेपणाची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते वाक्य उत्तर देता येईल असे होते. त्याला अर्थ एकच होता, तो लपविलेला नव्हता, आणि म्हणून एका पोस्टकार्डात त्याचा प्रतिवाद मावला.

याच संस्थेच्या दारात एकेचाळीस वर्षांपूर्वी, १९३३ साली, कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) उभ्या होत्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अव्वल आलेल्या या मराठी मुलीला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रवेश नाकारला तो ती मुलगी म्हणून, आणि तसे स्पष्ट सांगून. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. प्रवेश मिळाला तो वर्षभर परीक्षाधीन म्हणून. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्यांनी त्या वर्षभराच्या परीक्षेचा निकाल लावला. योगायोग असा की त्याच १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींचा प्रश्न मराठी घराघरांत वादाचा झाला. लेखिकेला स्वतःच्या नावाने ते पुस्तक काढणे शक्य वाटले नाही, हे त्या काळाविषयी पुस्तकाइतकेच सांगून जाते. तेव्हाही नकार नकाराच्याच शब्दांत येत असे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत लिंगभेदाला १९५० पासूनच मनाई आहे. खाजगी मालकावर तसे बंधन आले ते १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमाने. समान कामासाठी भरती करताना भेद करू नये असे ते कलम सांगत असे. सुधा कुलकर्णींनी पोस्टकार्ड लिहिले तेव्हा हा कायदा नव्हता. वहीत मात्र कायद्यानंतरचीही उघड बंदीची कात्रणे आहेत, कारण छापखान्याला कायदा पोहोचण्यास वेळ लागतो. १९८५ च्या सुमारास ती कमी होत जातात. येथून पुढे खरे वाङ्मय सुरू होते, कारण नकाराची जागा विशेषणे घेऊ लागतात.

मराठी कात्रणे वाचताना एक जोडी सतत भेटते. पुरुष हवा असेल तर तो ‘होतकरू’ असतो; स्त्री हवी असेल तर ती ‘गरजू’ असते. ‘होतकरू तरुणांना सुवर्णसंधी’ आणि ‘गरजू महिलांनी संपर्क साधावा’ ही दोन वाक्ये आपण इतक्या वेळा वाचली आहेत की त्यांतील अंतर दिसेनासे झाले आहे. होतकरू म्हणजे ज्याचे पुढे काही होणार आहे असा. त्याच्याकडे भविष्यकाळ आहे. गरजू म्हणजे जिला आज काही कमी पडते आहे अशी. तिच्याकडे अडचण आहे. पहिल्याला नोकरी देणारा त्याच्यात गुंतवणूक करतो. दुसरीला देणारा उपकार करतो, आणि उपकाराचा दर ठरविण्याचा हक्क उपकारकर्त्याकडेच राहतो. गेल्या चाळीस वर्षांत ‘गरजू तरुणांना सुवर्णसंधी’ अशी जाहिरात मी पाहिलेली नाही. वस्तुतः बेकार तरुणाइतका गरजू दुसरा कोण असतो?

‘उमेदवार’ या शब्दाचेही असेच. उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. पूर्वी बिनपगारी काम शिकणाऱ्यालाही उमेदवार म्हणत. मराठीने शिक्षकाची शिक्षिका केली, गायकाची गायिका केली, पाटलाची पाटलीण आणि मास्तराची मास्तरीणही केली. उमेदवाराचे स्त्रीलिंगी रूप काही केले नाही. ‘महिला उमेदवार’ असा जोडशब्द बनवून तिने वेळ निभावून नेली. भाषेवर मी आरोप करीत नाही. ज्या जागी स्त्री उभी राहील असे वाटत नव्हते, त्या जागेचे नाव तिच्यासाठी तयार नव्हते, एवढेच.

जेथे ती हवीच होती, तेथे मात्र नाव तत्परतेने तयार झाले. विमानात प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीला आपल्या वृत्तपत्रांनी ‘हवाई सुंदरी’ म्हटले. पदनामातच पात्रतेची अट अशा रीतीने गोवण्याचे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही. तेच काम करणाऱ्या पुरुषाला कोणी ‘हवाई सुंदर’ म्हटले नाही. हा नुसता शब्दांचा खेळ आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. त्या वेळच्या नियमांनुसार हवाई सेविकेने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावयाचे. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास तेव्हा, आणि पहिल्या गर्भारपणाला तर तेव्हाच. गर्भारपणाची अट न्यायालयाने रद्द केली. चार वर्षांच्या विवाहबंदीची अट कायम ठेवली. सौंदर्य हे पदनाम झाले की वय ही शिस्तभंगाची बाब होते, हे तर्कशास्त्र त्या नियमावलीत साद्यंत आढळते.

विशेषणांबरोबर भूगोलही येतो. पुरुषांच्या जाहिरातीत ‘देशभर फिरतीची तयारी’ असते. स्त्रियांच्या जाहिरातीत ‘जवळ राहणारीस प्राधान्य’. एकाचा नकाशा हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत, दुसरीचा पुढच्या बसथांब्यापर्यंत. आणि गंमत अशी की आमच्यासारख्यांच्या घरी ती स्त्री देशभर फिरतच होती. दिल्ली, भोपाळ, कलकत्ता, हैदराबाद हा प्रवास तिनेही केला, बिनपगारी केला, आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. कलकत्त्याच्या एका शाळेने, तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही, जाहिरातीतच म्हटले होते की ज्यांच्या पतीची नोकरी बदलीची आहे अशा शिक्षिकांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. या कात्रणापुढे पेन्सिलीने दोनच शब्द आहेत: ‘खरे आहे.’ पती-पत्नी नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एका ठिकाणी नेमावे, असे परिपत्रक केंद्र सरकारने एप्रिल १९८६ मध्ये काढले. ते आमच्याच कचेरीत माझ्या टेबलावरून फिरले आणि मी त्यावर ‘पाहिले’ अशी सही केली. जिच्याकडे नोकरीच उरलेली नाही तिला त्याचा उपयोग नव्हता, हे मला त्या वेळी सुचलेही नाही.

आपण सरकारी माणसे या बाबतीत खाजगी मालकाकडे बोट दाखवितो. आपल्या जाहिराती कशा निःपक्षपाती, ‘उमेदवारां’ना उद्देशून, शैक्षणिक पात्रता आणि वयोमर्यादा यांपलीकडे अवाक्षर नसलेल्या! आज संघ लोकसेवा आयोगाच्या सूचनांत तर लिंगसंतुलन साधण्याचा शासनाचा प्रयत्न असून महिलांना अर्जासाठी प्रोत्साहन दिले जाते असे स्वतंत्र वाक्य असते, आणि त्यांना शुल्कही माफ असते. परंतु आपल्या लेखनशैलीचा विशेष असा की आपली विशेषणे जाहिरातीत नसतात; ती नियमांत असतात. १९५१ साली भारतीय प्रशासन सेवेत दाखल झालेल्या अ‍ॅना राजम जॉर्ज (पुढे मल्होत्रा) यांच्या नेमणुकीच्या आदेशातच विवाह केल्यास सेवा संपुष्टात येईल असे कलम होते. १९५४ च्या भरती नियमांत तर विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क नाही, आणि नेमणुकीनंतर विवाह करणाऱ्या स्त्रीला कार्यक्षमतेच्या कारणास्तव राजीनामा देण्यास सांगता येईल, असे लिहिलेले होते. ‘कार्यक्षमता’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. अविवाहित, विवाहित, विधुर अशा कोणत्याही पुरुषाच्या विवाहाशी त्याचा संबंध जोडलेला नव्हता.

परराष्ट्र सेवेत १९४९ मध्ये आलेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी या प्रकारच्या नियमांविरुद्ध आणि डावललेल्या बढतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा १९६१ चा नियम होता. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, तोपर्यंत मुथम्मांना बढती मिळाली होती, आणि असे नियम वगळले गेले होते वा वगळले जाण्याच्या मार्गावर होते. म्हणून अर्ज निकालात निघाला. परंतु निकालपत्रातील युक्तिवाद निघून गेला नाही. विवाहाने स्त्री अधिकाऱ्याच्या कामाला धोका पोहोचत असेल, तर पुरुष अधिकाऱ्याच्या विवाहाने सरकार तोच धोका पत्करीत नाही काय, असा त्याचा आशय आहे. सर्वत्र आणि सर्व कामांत स्त्री-पुरुष समानच मानावेत असे आपण म्हणत नाही, हेही न्यायमूर्तींनी तेथे नोंदविले आहे, आणि ते योग्यच आहे. मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी असेल तर तसे म्हणण्यात अन्याय नाही. काही जागा स्त्रियांसाठी राखण्याची मुभा संविधानच पंधराव्या अनुच्छेदात देते. माझा आक्षेप ‘स्त्री’ या शब्दाला नाही. तो कोणत्या शब्दाच्या हाताला धरून येतो, तिकडे माझे लक्ष आहे.

येथवर मी इतरांच्या लेखनाची समीक्षा केली. वहीच्या उत्तरार्धात, हैदराबादच्या दिवसांतील पानांवर, १९८८ सालचे एक इंग्रजी कात्रण आहे. एका सरकारी कार्यालयाला क्षेत्र-अन्वेषक हवे होते, हंगामी. वेतन, पात्रता, वय. आणि शेवटी एक वाक्य. त्याचे मराठी असे होईल: ‘पदाचे स्वरूप दुर्गम भागांत सतत फिरतीचे असल्याने पुरुष उमेदवारांना पसंती दिली जाईल.’ हा मसुदा माझा. निवड समितीचा मी सदस्य-सचिव होतो. अध्यक्षांनी तो न वाचता मंजूर केला असे म्हणून मी सुटू शकेन, परंतु वाचला असता तरी त्यांनी मंजूर केलाच असता, आणि मी तो लिहिताना मला यत्किंचितही खटकले नव्हते. उलट आपण काळजीपोटी लिहीत आहोत अशी माझी समजूत होती. परगावी, मुक्कामाच्या सोयी नसताना, कोणाच्या मुलीबाळींना कशाला पाठवा? सोळावा अनुच्छेद मला परीक्षेपुरता पाठ होता.

ही काळजी कशी असते, याचे विवेचन पुढे अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन या डिसेंबर २००७ च्या निकालात मी वाचले. ते प्रकरण दिल्लीचेच. जेथे मद्यपान होते अशा जागी कोणत्याही स्त्रीला कामावर ठेवू नये, असे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे तिसावे कलम दिल्लीला लागू होते. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या मुलींना त्यामुळे दारे बंद होत. कारण अर्थातच त्यांच्या सुरक्षिततेचे. न्यायालयाने ते कलम टिकू दिले नाही. स्त्रीच्या सुरक्षेची चिंता असेल तर राज्याने जागा सुरक्षित करावी, तिचे स्वातंत्र्य आखडून ती चिंता मिटवू नये, असा त्या निकालाचा गाभा आहे. मला माझ्या मसुद्यातील ‘दुर्गम’ हा शब्द आठवला. मुक्कामाची सोय करण्यासाठी एक ओळीची टिप्पणी मी वरिष्ठांना पाठवू शकलो असतो. तिच्याऐवजी एक ओळ जाहिरातीत घातली, कारण ती स्वस्त होती.

वहीत प्रत्येक कात्रणापुढे काही ना काही शेरा आहे. या एकापुढे नाही. वही सापडली त्या रात्री मी पत्नीला विचारले, “हे कात्रण का चिकटवलंस? तू काही अन्वेषक होणार नव्हतीस.” ती म्हणाली, “अर्ज करणार होते. पदवी चालत होती, वय बसत होतं. मग शेवटचं वाक्य वाचलं.” मी म्हटले, “शेरा नाही लिहिलास.” “लिहायला घेतला होता,” ती म्हणाली. “पण भाषा घरातली वाटली.”

आता थोडे प्रत्ययांविषयी. स्त्रीलिंगी प्रत्यय आपल्या स्तंभात कोठे सर्रास आढळतो आणि कोठे आढळत नाही, याची मी वहीवरून आणि नंतर वृत्तपत्रांवरून सहज मोजदाद केली. अधिकारी, अभियंता, संचालक, लेखापाल, व्यवस्थापक ही पदे मूळ रूपात राहतात. सेविका, परिचारिका, शिक्षिका, स्वागतिका, टंकलेखिका यांना प्रत्यय लागतो. मोठ्या पगाराच्या जागी स्त्री पोहोचली तर ती ‘अधिकारी’च होते आणि प्रत्यय उंबरठ्याबाहेर राहतो. इंग्रजीत हेच काम ‘लेडी’ हा शब्द करी. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ‘गोपनीय लेडी स्टेनोग्राफर’ असा एक स्वतंत्र वर्ग होता आणि त्या वर्गाचे वेतन पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होते. ऑड्री डिकोस्टा यांनी दाद मागितली, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने समान वेतन कायद्याखाली त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आदरार्थी भासणाऱ्या त्या एका शब्दात वेतनश्रेणी दडलेली होती.

‘लेडी’ गेली, ‘सेविका’ आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्याबरोबर अंगणवाडी सेविका आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा स्वयंसेविका आणली. या जागांच्या जाहिराती आजही निघतात, आणि त्यांत स्त्रीच हवी असते, तीही बहुधा त्याच गावची रहिवासी. त्यांत ‘वेतन’ हा शब्द शोधू नये. तेथे ‘मानधन’ असते, आशा स्वयंसेविकेला तर कामावर आधारित मोबदला. मान आणि धन एका शब्दात आले की धनाचा भाग मानाने भरून काढावयाचा, असा आपल्या भाषेचा संकेत दिसतो. व्याख्यात्याला एका संध्याकाळीचे मानधन देणे वेगळे आणि रोज सकाळी गावातील मुलांना खाऊ घालणाऱ्या, त्यांची वजने घेणाऱ्या, रकाने भरणाऱ्या स्त्रीला आयुष्यभर मानधनावर ठेवणे वेगळे. अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया या गुजरातमधील सेविकेच्या प्रकरणात मात्र त्यांना उपदानाचा हक्क आहे असे त्याच न्यायालयाने मान्य केले. सोळा वर्षांत नाव बदलले नाही, पण नावाचा अर्थ किंचित सरकला. शब्दार्थ न्यायालयात सरकताना पाहणे हा समीक्षकाला क्वचित लाभणारा योग आहे.

नव्या काळाची कात्रणे वहीत नाहीत. ती आता भ्रमणध्वनीवर येतात आणि खळीने चिकटत नाहीत. चेन्नईजवळ आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना जोडणीच्या कामावर घेण्याचे टाळले जाते, असे वृत्त रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जून २०२४ मध्ये दिले. कंपनीने भेदभावाचा इन्कार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच वृत्तसंस्थेने असे कळविले की भरती करणाऱ्या दलालांना जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांचे उल्लेख काढण्यास सांगण्यात आले. जाहिरात स्वच्छ झाली. माझ्या पत्नीला ही बातमी वाचून दाखविली तेव्हा तिने विचारले, “मग आता बाहेर उभ्या असलेल्या मुलीला कळायचं कसं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. १९७४ च्या तळटिपेला निदान पत्ता होता.

हा लेख लिहावा असे ठरले त्याला एक ताजे निमित्त घडले. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाला मदतनीस हवा आहे. गेल्या महिन्यात मंडळाचे तरुण चिटणीस मसुदा घेऊन आले. मुलगा चांगला, मंत्रालयात उपसचिव आहे, पत्नी बँकेत. मसुदा असा: ‘ग्रंथालयासाठी अर्धवेळ, गरजू महिला पाहिजे. मंडळाजवळ राहणारीस प्राधान्य. योग्य मानधन दिले जाईल.’ तीन वाक्यांत आमची अडीचशे कात्रणे त्यांनी बसविली होती. मी तांबडी पेन्सिल घेऊन ‘गरजू’ काढले, ‘महिला’ काढले, दुसरे वाक्य सबंध काढले आणि ‘मानधन’ खोडून ‘वेतन’ लिहिले; ‘पाहिजे’च्या आधी ‘मंडळास’ हा शब्द घातला. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

“काका,” ते अदबीने म्हणाले, “भाषेची काही अडचण नाही. पण असं छापलं तर मग रक्कम वाढवावी लागेल.”

पत्नी चहा घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिले. कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे. मसुदा तोवर माझ्याकडेच ठेवून घेतला आहे.